आडकाठीवरच्या दोन सह्या

मी तिसरी शिट्टी वाजवली आणि दोन्ही पेनं कागदांच्या बोटभर वर येऊन थांबली.

ठरलं असं होतं की तिसऱ्या शिट्टीला दोघांनी एकदम सही करायची. रस्त्यावर एक लाकडी दांडा आडवा टाकलेला होता. त्याच्या अलीकडे एक टेबल, पलीकडे एक टेबल. अलीकडच्या टेबलाशी इंग्रजांचे कॅप्टन हॉब्स, पलीकडच्या टेबलाशी रशियनांचे कॅप्टन गोलुबेव. दोघेही वाकलेले, दोघांच्याही हातात पेन, आणि दोघांचेही डोळे समोरच्याच्या पेनावर. हॉब्ससाहेबांच्या पेनाच्या टोकाला शाईचा एक थेंब लोंबत होता. तो पडतो की गोठतो, हे आमचे चाळीस ड्रायव्हर मान पुढे काढून पाहत होते.

"पुन्हा वाजव," हॉब्ससाहेब मान न उचलता म्हणाले.

मी पुन्हा वाजवली. कुणीही हललं नाही.

गोलुबेव रशियन भाषेत काहीतरी बोलले. मला त्यातला 'चार' एवढा शब्द समजला.

"काय म्हणतो?" हॉब्ससाहेबांनी विचारलं.

"बहुतेक असं म्हणतात, साहेब, की ही चौथी शिट्टी झाली. चौथीला सही करायचं ठरलेलं नव्हतं."

"बरोबर आहे त्यांचं," हॉब्ससाहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. गोलुबेवांनीही लावलं. दोघांनी एकमेकांना कडक सलाम ठोकले आणि दोघे आपापल्या दिशेने निघून गेले. मी गळ्यात शिट्टी अडकवून दोन टेबलांच्या मधोमध उभा राहिलो.

कल्पना माझी होती. एका इतिहासाच्या पुस्तकात मी वाचलं होतं, की आधी आत कोणी शिरायचं यावर तीन राजांचं अडलं, तेव्हा खोलीला तीन दारं केली आणि तिघे एकदम आत आले. पुस्तकात ते जमलं होतं.

ही १९४२ च्या डिसेंबरातली गोष्ट. जर्मन फौजा रशियात खोलवर घुसल्या होत्या. ज्या इंग्रजांनी रशियन हिंदुस्थानवर चालून येतील या धास्तीत शंभर वर्षं काढली, तेच आता रशियनांना माल पुरवत होते. इराणचा खालचा भाग इंग्रजांच्या ताब्यात, वरचा रशियनांच्या. आमची हिंदी लष्कराची मोटार कंपनी खालून माल भरून आणायची आणि हद्दीवर रशियनांच्या हवाली करायची. त्या हद्दीच्या ठिकाणाला इराणी नाव होतं, पण आमचे ड्रायव्हर त्याला 'आडकाठी' म्हणत. दांड्याशेजारच्या चौकीवर एक पोस्टर चिकटवलेलं होतं. त्यात दोन हात एकमेकांना घट्ट धरून होते. वाऱ्याने त्यातला एक मनगटापर्यंत फाटला होता. कुणाचा, ते आता सांगता येत नव्हतं.

मी त्या कंपनीत हवालदार क्लार्क होतो. वाईचा, चष्मेवाला, पाच पावलं पळालो तरी धाप लागणारा. चष्म्यामुळे कंपनीत सगळे मला मास्तर म्हणत. लष्करात मला का घेतलं, हा प्रश्न मला अजून पडतो. भरतीच्या फॉर्मवर 'इतर भाषा' असा रकाना होता. मी पुण्याला रस्त्यावरून एक जुनं रशियन शिकण्याचं पुस्तक घेतलं होतं, आणि त्याची निम्मी पानं वाचली होती. म्हणून मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'रशियन, थोडी.' पुढे कुठल्याशा कचेरीत 'थोडी' हा शब्द गळला आणि मी दुभाषी झालो. त्या पुस्तकातून मला 'माळ्याच्या बहिणीकडे पांढरी कोंबडी आहे' हे वाक्य अस्खलित येत होतं. आघाडीवर त्याचा फारसा उपयोग नव्हता.

माल ताब्यात देण्याच्या कागदाच्या दोन प्रती असत, एक त्यांची, एक आपली, आणि दोन्हींवर दोघांच्याही सह्या लागत. सह्या होईपर्यंत दोन्ही प्रती हॉब्ससाहेबांकडे राहत. हॉब्ससाहेबांना वरून हुकूम होता : समोरच्याने सही केल्याशिवाय आपण करायची नाही. गोलुबेवांनाही वरून हुकूम होता. तो अक्षरशः तोच होता. कुठल्या तरी दुसऱ्या चौकीवर म्हणे कुणी तरी आधी सही करून फसलं होतं. आपलाच माणूस फसला, अशी दोन्ही बाजूंची खात्री होती.

हे सगळं नुसतं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तिसऱ्या गाडीत येसू काटे तापाने फणफणत पडला होता.

येसू आमचा लान्स नाईक, खटावकडचा, एकवीस वर्षांचा, गाडी चालवताना ओव्या म्हणणारा. घाटात बर्फात गाडी रुतली तेव्हा तो चार तास चाकाखाली फावडं मारत होता. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आणि अंगात ताप. आपलं इस्पितळ मागे दोन दिवसांच्या वाटेवर होतं. रशियनांचं दांड्यापलीकडे शंभर पावलांवर. पण कागदावर सह्या झाल्याशिवाय दांडा उचलायचा नाही, आणि माणूस काही मालाच्या यादीत नव्हता.

त्या सकाळी रशियनांची डॉक्टरीणबाई दांड्यापर्यंत आली होती. जाडजूड, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. दांड्याच्या अलीकडे पाऊल टाकायची तिलाही परवानगी नव्हती. आम्ही येसूला झोळीतून दांड्याजवळ नेलं. तिने दांड्यावरून वाकून त्याचं मनगट धरलं, जीभ बाहेर काढायला लावली, छातीला नळी लावली. मग माझ्याकडे वळून भरभर बोलली. मला समजत नाही हे पाहून तिने छातीच्या दोन्ही बाजूंवर हात ठेवले, तोंडात गोळी टाकल्याची खूण केली, आकाशातल्या सूर्याकडे बोट दाखवून ते खाली आणलं आणि मान हलवली. गोळ्या आजच पोटात गेल्या पाहिजेत, एवढं कळलं.

तिच्याकडच्या संपल्या होत्या, पण आमच्याकडे गोळ्या होत्या. आम्ही आणलेला माल औषधांचाच होता. फुप्फुसाच्या तापावरच्या गोळ्यांची खोकी येसूच्याच गाडीत होती. खरं म्हणजे त्याचं अंथरूण त्यांच्यावरच घातलेलं होतं. पण खोक्यांना शिशाचं सील होतं. सील तुटलं तर रशियन माल घेणार नाहीत, म्हणून हॉब्ससाहेब ते तोडू देईनात. ते दुष्ट नव्हते. येसूच्या अंगावर त्यांनी स्वतःचा ओव्हरकोट घातला होता. पण सीलला हात लावायचं म्हटलं की त्यांचा चेहरा देवळात चपला घालून शिरायला सांगितल्यासारखा व्हायचा.

शिट्ट्यांचा फज्जा उडाल्यावर मी तिसऱ्या गाडीशी गेलो. तिथे सुभेदार रावजी जगदाळे येसूच्या उशाशी बसले होते. सुभेदारही खटावकडचे, येसूच्याच गावचे. त्यांनीच त्याला भरती केलं होतं आणि त्याच्या आईला शब्द दिला होता.

"मास्तर," येसू डोळे न उघडता म्हणाला, "झाल्या का सह्या?"

"होतील रे."

"म्हंजे न्हाई झाल्या." तो जरा वेळ धापा टाकत राहिला. "माज्या पाठीला खोकी टोचत्यात. औषधच हाय न्हवं त्यात? टोचून टोचून गुण येतोय का बगू."

सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मला गाडीमागे नेलं.

"मास्तर, तुमचं पुस्तक झालं?"

"झालं," मी म्हणालो. मान वर करवेना.

"आता माजं ऐका. आमच्यात बेंदराला कर तोडत्यात, ठावं हाय?"

मला ऐकून ठाऊक होतं. बेंदूर म्हणजे त्यांच्याकडचा बैलांचा सण. गावच्या वेशीत पानांची दोरी आडवी बांधतात, तिला कर म्हणतात. सजवलेले बैल पळवत नेऊन ती तोडायची.

"आमच्या गावात पाटलाच्या दोन पात्या, दोन घरं," सुभेदार सांगू लागले. "थोरली आन् धाकटी. तोडायचा मान दोगांचा सारखा, बैलं जोडीनं सोडायची. पर वेशीत आदी कोण जाणार? जो आदी जाईल त्यानं दुसऱ्याची वाट बगत उबं ऱ्हायाचं, म्हंजे त्यो हलका. मग कोणीच निगत न्हाई. शिंगं रंगवून, झुली घालून बैलं गोठ्यात उबी, दीस कलायला लागतो. मग गुरव काय करतो? आदी थोरल्याकडं जातो आन् म्हणतो, 'पाटील, धाकटं निगालं, वेशीत तुमची वाट बगत्यात.' थोरला निगतो. मग धाकट्याकडं जाऊन म्हणतो, 'थोरलं निगालं.' धाकटाबी निगतो. दोगं वेशीत येत्यात. दोगांस्नी वाटतं, दुसरा आदी निगाला."

मला समजायला थोडा वेळ लागला. पुस्तकात नसलेली गोष्ट मला उशिराच समजते.

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"एकदाच. दुसऱ्याला सांगंपतुर ते खरं झाल्यालं असतंय."

"पण सुभेदारसाहेब, मी? माझ्या तोंडावर लगेच दिसतं. लहानपणी लाडू खाल्ला नाही म्हणालो तर आई नुसती माझ्या कानांकडे बघायची."

"टोपी खाली वडा."

"आणि सांगायचं कुणाला? हॉब्ससाहेबांना?"

सुभेदारांनी दांड्यापलीकडे बोट केलं. "रशियनाला सांगा. आपला सायेब कोर्ट मार्शल करंल, वरीसभर चालंल. त्यो लई तर गोळी घालंल."

मी गाडीतून येसूचा श्वास ऐकत होतो. लोहाराचा जुना भाता चालावा तसा तो आवाज होता. मी टोपी कानांवर ओढली.

हॉब्ससाहेब पहिल्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून मांडीवरच्या फळीवर एकट्याने पत्ते खेळत होते. सहीचा तिढा पडला की ते हेच करत. "रशियनांशी एकदा बोलून बघतो," असं म्हणून मी दोन्ही प्रती मागितल्या.

"कोंबडीबद्दल?" ते म्हणाले. ती गोष्ट कंपनीभर झाली होती. पण त्यांनी प्रती दिल्या.

एक प्रत मी खांद्यावरच्या पिशवीत घातली, एक हातात घेतली. दांड्याशी पहारेकऱ्याने मला अडवलं. मी गोलुबेवांचं नाव घेतलं. दुभाष्याला चौकीच्या खोलीपर्यंत जाऊ देत.

खोलीत शेगडी पेटलेली होती. गोलुबेव टेबलाशी बसले होते. उंच, किडकिडीत, माझ्यासारखाच चष्मा. शाळामास्तर असावेत असं मला नेहमी वाटे. त्यांच्या उजव्या हाताला खिडकी होती. काच बर्फाने पांढरी झाली होती, पण मधोमध कुणीतरी बाहीने पुसून बशीएवढा गोल स्वच्छ केला होता. तो गोल मी पाहिला. शेगडी असूनही काच कशी गोठते याचं मला नवल वाटलं, आणि तेवढंच वाटलं.

मी वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि माळ्याची बहीण पुढे येऊन उभी राहिली. तिला मागे सारायला मला बराच वेळ लागला.

"कॅप्टन हॉब्स," मी शेवटी म्हणालो. मग पिशवीवर हात ठेवला. "सही. आहे."

गोलुबेव माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"आहे?"

"आहे."

टोपीखाली माझे कान तव्यावरच्या पापडासारखे तापले होते. ते आता 'पिशवीतला कागद दाखव' म्हणतील, हे मला त्याच क्षणी सुचलं. आधी का सुचलं नाही, ते देव जाणे. सुभेदारांच्या गावात बैल पिशवीत नसतात.

गोलुबेवांनी कागद दाखव म्हटलं नाही. त्यांनी माझ्या हातातली प्रत ओढून घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. वर शिक्काही मारला. मग बोट दाराकडे केलं.

मी परत कसा आलो ते आठवत नाही. ड्रायव्हर म्हणतात, पळत आलो. हॉब्ससाहेबांनी ती सही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "शेवटी तेच वाकणार होते. चिकाटी, परचुरे. यालाच चिकाटी म्हणतात."

त्यांनी त्या प्रतीवर गोलुबेवांच्या खाली सही केली आणि ती घडी करून खिशात ठेवली. रशियनांची सही खिशात पडल्यावर दुसऱ्या कोऱ्या प्रतीवर सही करायला त्यांची हरकत नव्हती. ती मी धावत पलीकडे नेली. तिच्यावर गोलुबेवांनी हॉब्ससाहेबांच्या खाली सही केली. प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत आली, आणि तिच्यावर समोरच्याची सही आधी होती.

दांडा वर गेला. आमची पहिली गाडी त्याखालून जाताना मागून कोणी तरी बैलांना देतात तशी हाळी दिली. सुभेदारांनी वळूनही पाहिलं नाही. ते तिसऱ्या गाडीत होते. डॉक्टरीणबाई गाडी थांबायच्या आतच मागच्या फळीवर चढली, खिशातून पक्कड काढली आणि येसूच्या पाठीखालच्या खोक्याचं सील कटकन तोडलं. माल आता त्यांचा होता. सूर्य डोंगराच्या हातभर वर होता.

माल उतरवायला दुसरा दिवस लागला. निघताना मी येसूला भेटायला गेलो. त्याला तिथेच ठेवायचं होतं. ताप उतरला होता, आणि तो डॉक्टरीणबाईला ओवी शिकवत होता. दारात गोलुबेव भेटले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "तुमचे कॅप्टन पत्ते फार वाईट खेळतात."

इंग्रजीचं आश्चर्य आधी वाटावं की पत्त्यांचं, हे मला ठरवता येईना.

"आपल्याला इंग्रजी येतं?"

"मित्रांची भाषा आपल्याला येते, हे मित्रांना सांगायचं नसतं." त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या खिडकीतून तुमची पहिली गाडी दिसते. तुम्ही माझ्यासमोर उभे राहून 'सही आहे' म्हणालात, तेव्हा ते डाव मोडून पत्ते पिसत होते. त्या दिवसातला चौथा डाव."

"मग आपण सही का केलीत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," ते म्हणाले आणि आत गेले.

परतीच्या वाटेवर मी हे सुभेदारांना सांगितलं. मला फार लाज वाटत होती. आयुष्यात एकदा धीर करून खोटं बोललो, आणि तेही पटलं नाही. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्याने निदान नीट फसवलं असतं. सुभेदारांनी गाडीच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. मग म्हणाले, "बराबर झालं मग."

युद्ध संपलं. मी वाईला परत आलो आणि वाचनालयात चिकटलो. जिथे बोलायला मनाई आहे अशी नोकरी मला मानवली. गोलुबेव आणि हॉब्स यांचे देश वर्षा-दोन वर्षांत पुन्हा एकमेकांचे वैरी झाले. वर्तमानपत्रात रोज येई. ते पान दोरीला लावताना मला ती दोन टेबलं आठवत.

एकोणपन्नास साली सुभेदारांचं पत्र आलं. 'बेंदराला या. येसूच्या पोराला बघून जा.' मी गेलो. येसू चांगला जाडजूड झाला होता आणि थोरल्या पातीचे बैल धरून उभा होता. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, वेशीत कर बांधलेली. आणि कुणीही हलत नव्हतं.

"गुरवाचा पाय मोडलाय," सुभेदार माझ्या कानाशी म्हणाले. "मास्तर, तुमी जावा."

"मी?"

"तुमाला सवय हाय."

सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. नाही म्हणायलाही धीर लागतो, तो माझ्यात नव्हता. मी थोरल्या पाटलांच्या ओट्यापाशी गेलो. पांढऱ्या मिश्यांचा, सत्तरीचा माणूस फेटा बांधून, काठी घेऊन तयार बसला होता.

"पाटील," मी म्हणालो. आवाज चिरकला. "धाकटे पाटील निघाले. वेशीत तुमची वाट बघताहेत."

पाटलांनी माझ्या खांद्यावरून समोर पाहिलं. म्हणून मीही वळून पाहिलं. समोर, मधे बैलगाडी जाईल एवढाच रस्ता सोडून, दुसरा ओटा होता. त्यावर धाकटे पाटील फेटा बांधून बसले होते आणि बशीतून चहा पीत होते. त्यांनीही आमच्याकडे पाहिलं, आणि बशी पुन्हा तोंडाला लावली.

माझे कान तापले. त्या दिवशी टोपी नव्हती.

थोरल्या पाटलांनी माझ्या कानांकडे जरा वेळ पाहिलं. मग गोठ्याकडे पाहिलं. सकाळपासून उभे असलेले बैल पाय बदलत होते.

"निगालं म्हणता?" ते म्हणाले आणि काठी टेकून उठले. "मग आमाला निगायला पायजे."